मुलाणी सरांची मोजणी

मुलाणी सर कुठूनही निघताना माणसं मोजायचे. कँटीनमधून, मीटिंगमधून, लग्नाच्या मांडवातूनसुद्धा. बोट दाखवून नाही. नुसती मान हलवत, ओठांतल्या ओठांत. रांजणगावच्या कारखान्यात आमच्या कॉम्प्युटर विभागात आम्ही चौघंच होतो. चार माणसं मोजायला काय लागतं? पण जेवण झालं की सर डब्याचं झाकण लावता लावता सगळ्यांवरून नजर फिरवणार, आणि एखादा हात धुवायला गेलेला असला तर तो परत येईपर्यंत जागचे हलणार नाहीत. सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा. माझा स्वभाव घाईचा. पोळी तव्यावर असताना ही चपला शोधते, असं सासूबाई म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही.

सरांचं पूर्ण नाव रज्जाक मुलाणी. गाव मांडवगण फराटा, राहायला शिरूरला. उंच, किंचित वाकलेले, कानावर कायम पेन्सिल. कॉम्प्युटरवाल्या माणसाला पेन्सिल कशाला, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. तर सर कुणाचाही प्रोग्राम पडद्यावर वाचायचेच नाहीत. कागदावर छापून घ्यायचे, ओळीखालून पेन्सिल सरकवत पुटपुटत वाचायचे, आणि पटलं की खाली कोपऱ्यात बरोबरची बारीक खूण करायचे. त्या खुणेशिवाय आमच्या खोलीतून एक ओळ बाहेर जात नसे. मोठ्या साहेबांनी एकदा विचारलं, "मुलाणी, किती कागद वाया घालवता हो?" सर म्हणाले, "साहेब, पडद्यावर चूक पळती. कागदावर बसून राहती."

मी मूळची दौंडची, दिली शिरूरला. दोन मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा नोकरीला लागले तेव्हा माझ्या हातातली विद्या शिळी झाली होती. सरांनी मला बसवून 'गो' नावाची, प्रोग्राम लिहायची भाषा शिकवली. तिची खुबी अशी की एखाद्या फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामातल्या एखाद्या कामाच्या, आधी 'गो' एवढं लिहिलं की ते काम आपापलं बाजूला सुटतं. ते तिकडं चालू राहतं आणि मूळ प्रोग्राम इकडं पुढं जातो. अशी दहा कामं सोडा नाहीतर दहा हजार, कॉम्प्युटरला जड होत नाही. अशा सुटलेल्या कामाला आम्ही धागा म्हणायचो; इतके ते धागे हलके. मला तर ते फारच आवडलं. एकाच वेळी कुकर, दूध, डबे आणि धाकट्याचा गृहपाठ सांभाळणाऱ्या बाईला ही भाषा आवडणारच.

मी पहिलाच प्रोग्राम लिहिला. दहा कामं सोडली, प्रत्येकानं एकेक नाव छापायचं. चालवला. पडदा कोरा. नाव नाही, चूक नाही, काहीच नाही. तीनदा चालवला, तीनदा कोरा. माझं तोंड बघून सर जवळ आले.

"ड्रायव्हर निघून गेला, ताई."

"कोण ड्रायव्हर?"

"तुमचं मेन फंक्शन. त्याला तुम्ही काय सांगितलं? ह्या दहा जणांना सोड. सोडलं त्यानं. काम संपलं, गाडी बंद करून घरी. पॅसेंजर अजून चपला घालत्यात." मग म्हणाले, "मेन गेला म्हंजी सगळे गेले. आन् कुणी वरडत बी न्हाई, हे वाईट. कामाला उठवायला काय, कुणीबी उठवतंय. वाट बघायला माणूस लागतो."

त्यावर उपाय भाषेतच होता, तो म्हणजे एक मोजणी. काम सोडताना आकडा एकानं वाढवायचा; काम संपलं की त्या कामानं तो एकानं कमी करायचा; आकडा शून्य होईपर्यंत मेननं थांबायचं. शाळेतल्या पोराला कळेल इतकं सोपं. पण सर एका गोष्टीवर अडून बसायचे, ती म्हणजे आकडा वाढवायचा कधी.

"पॅसेंजर गाडीतून उतरायच्या आधी मोजायचा. ड्रायव्हरनं मोजायचा. खाली उतरल्यावर तो सोताच सांगंल 'मी एक', असं म्हणायचं न्हाई. तो सांगायच्या आत तुम्ही निघालेला असाल."

हे सरांनी पुस्तकातून उचललं नव्हतं. त्यांचे वडील मांडवगण ते दौंड वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन भरून नेणारी, जीप चालवायचे. बाजाराच्या दिवशी सकाळी माणसं दौंडला न्यायची आणि पाच वाजता तीच माणसं परत आणायची. उतरवताना अब्बा मोजून घ्यायचे. एका बाजारी परत निघाल्यावर निम्म्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं, एक म्हातारी कमी आहे. गाडीतली माणसं म्हणाली, "आरं मुलाणी, यष्टीनं गेली आसंल ती." अब्बा म्हणाले, "गेली आसंल तर चांगलंच हाय. पन मी आनलीय." भरलेली जीप त्यांनी फिरवली. माणसांनी शिव्या घातल्या, एकानं तर गाडीच अडवून धरली. म्हातारी दौंड स्टेशनाबाहेर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली होती, वाट चुकून. तिला विचारलं, घाबरली नाहीस का? तर म्हणाली, "कशापायी? तू मोजलंवतंस की मला."

दहा वर्षांचे सर तेव्हा अब्बांच्या शेजारी बसलेले होते. ही गोष्ट त्यांनी मला किमान सात वेळा सांगितली असेल. दर वेळी शेवट एकच असायचा. मी वैतागून एकदा विचारलं, "आणि अब्बांनी जास्त मोजलं तर?"

"तसं बी झालंय की. एकदा एक जास्ती मोजला आन् दिवस मावळेपर्यंत स्टँडवर बसून राहिले. जो नव्हताच त्याची वाट बघत." सर हसले. "प्रोग्रामचं बी तेच. एक आकडा जास्ती पडला की शून्य कवाच हुत न्हाई. बसतो वाट बघत, मशीन बंद पडंस्तोवर. पण ताई, अम्मी काय म्हनायची, जास्ती मोजलं तर आपुन बसून राहतो. कमी मोजलं तर दुसरं कुणीतरी बसून राहतं. दोन्हीतली एक चूक करायचीच असंल, तर जास्ती मोजा."

साडेपाचला आमच्या कंपनीच्या बस सुटायच्या. शिरूरच्या बसच्या पुढं सर कितीदा तरी आडवे उभे राहिलेले मी पाहिलेत, कारण झाडलोट करणारी बाई अजून गेटवर पोचलेली नसायची. ड्रायव्हर म्हणायचा, "सर, टायमिंग हाय." सर म्हणायचे, "टायमिंग तुमचं, माणूस आपलं." आम्ही आत बसून चडफडायचो. ती बाई पळत पळत यायची, ओशाळी होऊन मागच्या सीटवर बसायची आणि सर सगळ्यांत शेवटी चढायचे.

आणि रामसूरत. पेंट शॉपमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली काम करणारा, बिहारकडचा, चाळिशीचा माणूस. थिनरनं त्याच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. सहा नंबरच्या गेटवर, म्हणजे ठेक्याच्या माणसांच्या गेटवर, हजेरीचं मशीन त्याचा अंगठा घेईना. ठेकेदार म्हणाला, हजेरी नाही तर माणूस नाही. तो आमच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला, आत यायचं धाडस नव्हतं. "सर जी, मशीन हमको पहचानता नहीं." सर जेवण अर्धं टाकून त्याच्याबरोबर गेटवर गेले. दहाच्या दहा बोटं लावून पाहिली. नऊ वाया गेली, डाव्या हाताची करंगळी चालली.

तेव्हापासून रामसूरत लांबून दिसला की डावी करंगळी वर करायचा. तोच त्याचा सलाम. आता आपल्याकडं करंगळी वर करण्याचा अर्थ जो आहे तो आहे. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. सर मात्र तितक्याच गंभीरपणे आपली करंगळी वर करून सलाम परत करायचे. भर आवारात, मोठ्या साहेबांच्या देखत.

सरांनी कारखान्यासाठी केलेलं सगळ्यांत जिवाभावाचं काम म्हणजे 'आत कोण' नावाचा प्रोग्राम. आगीचा भोंगा झाला की सहाही गेटांच्या मशीनना विचारायचं, या घटकेला आत कोण कोण आहे, आणि यादी छापून द्यायची. मैदानात जमलेल्या माणसांशी ती यादी ताडून बघायची. आधी एकेका गेटला रांगेनं विचारलं जायचं आणि त्यात फार वेळ जायचा. सरांनी सहा हलके धागे एकदम सोडले. सहाजण सहा गेटांवर जाऊन नावं घेऊन येणार, सहाही परतले की यादी. दोन-पाच सेकंदांचा खेळ. सरांनी तो लिहिला तेव्हा मोजणीची ओळ अर्थातच जिथं असायला हवी तिथं होती. आधी मोजणी, मग सोडणं.

पुढच्या वर्षी त्यात थोडा बदल करायचा होता, तो माझ्याकडं आला. मी बदल केला आणि हात फिरला तसा सगळा प्रोग्राम आवरूनही टाकला. घर आवरताना होतं ना, एक कपाट काढलं की दुसरं. त्या आवराआवरीत मोजणीची ओळ मी कामाच्या आत नेऊन ठेवली. म्हणजे प्रत्येक धागा सुटल्यावर स्वतःच म्हणणार, मी एक. दिसायला नीटस दिसत होतं. पन्नास वेळा चालवून पाहिलं, पन्नास वेळा सहाच्या सहा गेटं आली. सरांनी जे पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं ते मला आठवलं नाही, असंही म्हणवत नाही. चालतंय ना, एवढंच मी पाहिलं.

रमजानचा महिना होता. सरांचा रोजा. आम्हाला चहा मागवायचे आणि स्वतः तोंड सुकवून बसायचे. पाच वाजून गेले होते. मी कागद त्यांच्यापुढं ठेवला. पहिलं पान त्यांनी नेहमीसारखं ओळीओळीनं वाचलं.

"सर, माझी बस आहे," मी म्हणाले.

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. दुसऱ्या पानावरून पेन्सिल जरा भरभर सरकली. कोपऱ्यात खूण झाली.

"पळा ताई. बस जाईल. मला आज थांबायचंय."

मी पळाले. मला खिडकीची जागा मिळाली. मला त्याचा आनंद झाला होता, हे मला अजून आठवतं आणि माझीच मला शिसारी येते.

चार महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास पेंटच्या गोदामात आग लागली. आग मोठी नव्हती, धूर भयंकर होता. भोंगा झाला, सगळे मैदानात आले. यादी क्षणात छापून आली. सेफ्टीच्या साहेबांनी नावं पुकारली, जो तो "हजर" म्हणत गेला, एकही नाव सुटलं नाही. "सगळे बाहेर," असं त्यांनी बंबवाल्यांना सांगितलं. कुणीतरी सरांच्या पाठीवर थाप मारली. ठेक्याची माणसं नेहमीसारखी लांब, कंपाउंडला टेकून उभी होती. त्यांच्यापैकी कुणाचंच नाव पुकारलं गेलं नव्हतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांनाही त्यात नवल वाटलं नाही.

सरांनी यादी मागून घेतली. सवयच ती. मान हलवत मोजत गेले आणि मध्येच थांबले. "सहा नंबर गेट कुठंय?"

मग ते कंपाउंडकडं धावले. मी त्यांच्या मागं. ते त्या माणसांच्या तोंडांकडं बघत नव्हते, हातांकडं बघत होते. करंगळी वर झाली नाही. सर उलटे फिरून बंबाकडं पळाले. एवढ्या उंच माणसाला पळताना मी तोवर पाहिलं नव्हतं. "आत माणूस हाय!" बंबवाला म्हणाला, यादी पुरी झालीय. सर ओरडले, "यादी मीच केलीय! खोटी हाय ती यादी!"

रामसूरतला गोदामामागच्या थिनरच्या खोलीतून बाहेर काढलं. शिरूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणायला हवा होता. वीस मिनिटं तर आम्ही मैदानात यादीचं कौतुक करण्यात घालवली होती.

सर खोलीत आले, माझे ते दोन कागद काढले आणि पेन्सिल सरकवायला लागले. मोजून दोन मिनिटं लागली असतील. पेन्सिल त्या ओळीखाली थांबली. त्या दिवशी मशीनवर कामाचा भार होता. पाच धागे सुटले, 'मी एक' म्हणाले, नावं घेऊन परत आले आणि आकडा शून्य झाला. सहावा अजून उठलाच नव्हता, म्हणून त्याला कुणी मोजलंच नव्हतं. मेननं शून्य पाहिलं आणि यादी छापली. सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पेन्सिल खाली ठेवली. ती पुन्हा कानावर गेलेली मी पाहिली नाही.

चौकशी झाली. चौकशीवाल्यांनी विचारलं, "ही ओळ कुणाची?"

सर म्हणाले, "खाली खूण हाय ती माझी. बघून सोडलं ते मी सोडलं."

"लिहिली कुणी?"

"मी सोडलं म्हणलं ना."

मी शेजारच्याच खुर्चीवर होते. माझी दोन मुलं, घरच्या अडचणी, कारणं हवी तेवढी देता येतील. खरं कारण एकच, मी भ्याले. तोंड उघडलं नाही. सरांकडून राजीनामा घेतला. शेवटच्या दिवशी डबा पिशवीत टाकून ते दारात उभे राहिले आणि मान हलवून आम्हाला मोजलं. आम्ही तिघं होतो.

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेले. भाभींनी चहा ठेवला. सर कॉटवर बसलेले, दाढी वाढलेली. माझ्या भावानं पुण्यातल्या एका कंपनीत त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. ते सांगितलं तर नुसते हसले. मग मी जे सांगायला गेले होते ते सांगितलं.

"सर, ती ओळ माझी होती."

"ठावं हाय की." जराही आवाज चढला नाही. "लिहिणारा चुकतोच, ताई. म्हणून तर बघणारा ठेवत्यात. मी बसकडं बघितलं, ओळीकडं न्हाई."

शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. ती सोय त्यांनी ठेवली नाही. मग ते आपणहून म्हणाले, "रामसूरतचा भाऊ आलावता. दौंडला गाडीत बसवून दिला त्याला. खिडकीतून सारखा फलाटावर बघत व्हता. दोघं जोडीनं आले असत्याल ना पहिल्यांदा." चहा तसाच ठेवून मी निघाले. दारातून वळून पाहिलं तर सर भिंतीकडं बघत बसले होते.

पुढं ते शिरूर सोडून मांडवगणला गेल्याचं कळलं. मी अजून त्याच कारखान्यात, त्याच खोलीत आहे. मोजणीची ओळ मी जागेवर नेऊन ठेवली. त्याला एक मिनिट लागलं.

गेल्या दिवाळीत माहेरी दौंडला गेले होते. भाऊ म्हणाला, "तुझे ते मुलाणी सर हल्ली वडापच्या जीपला नंबर लावतात, कुठली कधी सोडायची ते बघतात. स्टेशनाबाहेर असतात बघ." मी न राहवून गेले. मांडवगणला माझं काहीही काम नव्हतं, तरी जीपमध्ये जाऊन बसले. सर दिसले. खूप वाळले होते, कान रिकामा. त्यांनी मला ओळखलं.

"सरकून बसा, ताई. पोरं बरी हायेत ना?"

मी हो म्हणाले.

जीप भरली. सरांनी मान हलवत मोजायला सुरुवात केली. मीही त्यांच्याबरोबर मनात मोजत होते. बारा झाले. आम्ही बाराच होतो. मग त्यांनी डाव्या हाताची करंगळी जराशी वर केली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, "तेरा."

मागून एक बाई ओरडली, "आवो चला की, भरली न्हाई का गाडी?" ड्रायव्हर जीप सुरू करेना. माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "पाच मिन्टं थांबावं लागतंय बघा. सर रोज एक जास्ती मोजत्यात. आमी काय बोलत न्हाई."

सर स्टेशनाच्या दाराकडं तोंड करून उभे होते. एक गाडी येऊन गेली असावी, माणसं बाहेर पडत होती. ते एकेकाच्या हाताकडं बघत होते. दार रिकामं झालं. त्यांनी बॉनेटवर थाप मारली आणि आम्हाला सोडलं.

मी मागच्या काचेतून बघत राहिले. जीप वळणावर आली तरी सर तिथंच उभे होते, स्टेशनाकडं तोंड करून.